उसाचा नंबर

भाचा घरी आला तेव्हा जुलै संपत आला होता आणि पाऊस असा लागून राहिला होता की कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीत, दुपारी चारला दिवे लावावे लागले. तो शिरोळ तालुक्यातला, माझ्या मामेभावाचा मुलगा. सिव्हिल इंजिनिअर झाला, दोन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला आणि आता सप्टेंबरात इंग्लंडला एमएस्सीला निघाला होता. विषय जमीन आणि पाणी. त्याच्या वडिलांचं सव्वा एकर रान क्षारपड होऊन, म्हणजे मातीत क्षार साचून, नापीक पडलंय. तो विषय तो घरातूनच घेऊन निघाला होता.

बॅगेची यादी तो मला वाचून दाखवत होता. तीन लिटरचा कुकर, कांदा-लसूण चटणी, मेतकूट, आतून घालायचे गरम कपडे, प्लगचा अ‍ॅडॉप्टर. तेवीस किलोत काय बसतंय आणि काय काढावं लागणार, याचा हिशेब मोबाइलवर चालू होता. मी मध्येच विचारलं, "लायब्ररी वापरता येते का रे तुला?"

"आत्या, रोज जातोय की लायब्ररीत. दोन वर्षं झाली. सकाळी सातला जातोय ते रात्री नऊला येतोय."

तो खरंच सांगत होता. फक्त तो ज्याला लायब्ररी म्हणत होता ती अभ्यासिका. महिन्याचे पैसे भरायचे की एक खुर्ची आपली. समोर लाकडी आडोसा, चार्जिंगचा पॉइंट, वर पंखा, एसी हवा असेल तर जादा पैसे. पुस्तकं आपापली आणायची. कोल्हापुरातल्या कुठल्याही गल्लीत आज "लायब्ररीला चाललोय" म्हणणारा पोरगा बहुतेक वेळा अशाच खुर्चीकडे चाललेला असतो. मी या जागांना नावं ठेवणार नाही. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं असताना मुलीला रात्री आठपर्यंत शांत बसायला मिळतं ते तिथेच. पण तिथे एकही पुस्तक त्या जागेचं नसतं, आणि काही विचारावं असं माणूसही नसतं. दोन वर्षं रोज चौदा तास "लायब्ररीत" काढून माझ्या भाच्याने एकदाही कपाटातून अनोळखी पुस्तक बाहेर काढलं नव्हतं.

मला त्याचं वाईट वाटलं ते या गावामुळे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे रेल्वे यायच्या कितीतरी आधीचं. कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ साली केला. मद्रासचा कायदा १९४८चा, आपल्या महाराष्ट्र राज्याचा १९६७चा. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली झालं आणि त्याच्या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. ज्या गावाने कागदावर इतक्या लवकर लिहून ठेवलं की ग्रंथालय ही रयतेची गरज आहे, त्या गावात ‘लायब्ररी’ या शब्दातून पुस्तक कधी निघून गेलं आणि खुर्ची तेवढी राहिली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी हे इतकं मनाला लावून घेते, कारण २००९ साली मी अशीच गेले होते.

इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक शहर. विद्यापीठाचं ग्रंथालय पाच मजली, रात्रभर उघडं. पहिल्या दिवशी मी दारातच अडकले. बॅग कुठे ठेवायची ते कळेना. आपल्याकडे आत जायचं म्हणजे आधी बॅग बाहेरच्या खणात, हातात टोकन, मग रजिस्टरमध्ये सही. तिथे मुलं पाठीवरच्या बॅगा घेऊन, कॉफीचे कप घेऊन सरळ आत जात होती. मी दहा मिनिटं भिंतीलगत उभी राहून बघत होते की कुणाला अडवतात का. कुणालाच अडवलं नाही, तेव्हा गेले. आत गेल्यावर पुस्तकाचं नाव आणि लेखक एका चिठ्ठीवर लिहिला आणि ती चिठ्ठी द्यायची खिडकी शोधत राहिले. ती खिडकी नव्हतीच. पुस्तकं सगळी उघड्यावर, मजल्यामागून मजले, आणि घ्यायची आपल्या हाताने. आमच्या कॉलेजात कपाटांच्या रांगेत शिरायची परवानगी फक्त शिपायाला होती. चिठ्ठी दिली की तो आत जायचा आणि बहुतेक वेळा "बाहेर गेलंय" असं सांगत परत यायचा.

पुढचे तीन आठवडे मी चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी बसून माझ्याच वह्या वाचल्या. म्हणजे भाचा करत होता तेच.

खाली एक टेबल होतं, त्यावर पाटी ‘एन्क्वायरी’. मी तो शब्द मनात मराठीत वाचायची, चौकशी. आपल्याकडे चौकशी होते, चौकशी लागते, आणि लागते ती माणसाच्या मागे. कॉलेजपर्यंतच्या माझ्या सगळ्या आयुष्यात टेबलापलीकडच्या माणसाला आपणहून काही विचारलं की उत्तराआधी एक नजर यायची, "एवढंही माहीत नाही?" अशी. त्यामुळे त्या टेबलापुढून जाताना मी पावलं भरभर टाकायची.

खूप नंतर, शिकवायला लागल्यावर, मला कळलं की या भीतीवर कुणी रीतसर काम केलेलं आहे. कॉन्स्टन्स मेलन या अमेरिकेतल्या अभ्यासिकेने (आता हा शब्द इथे बाईंसाठी वापरायचा तरी खुर्चीच आठवते) १९८६ साली सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांच्या लिखाणावरून दाखवून दिलं की ग्रंथालयात संशोधनासाठी पहिल्यांदा पाऊल टाकताना काय वाटलं हे लिहिताना पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्के मुलं भीतीचीच भाषा वापरतात. त्यांना वाटतं, बाकी सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. न येणं ही लाजेची गोष्ट आहे. आणि विचारलं की ती उघडी पडेल. ही अमेरिकेत वाढलेली, तिथेच शाळा शिकलेली मुलं. शिरोळहून, हनोईहून, लागोसहून आलेल्या पोरांच्या डोक्यावर त्याच्याखेरीज भाषेचं ओझं असतं, फीच्या कर्जाचं असतं, आणि आपल्या उच्चाराला कुणी हसेल का याचं असतं.

माझी ती भीती मोडली निबंधामुळे. विषय मी गुळाच्या बाजाराचा घेतला होता. वडिलांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. तीस तीस किलोचे रवे, सौद्याची गडबड, हातावर गूळ चोळून रंग बघणारी माणसं, यात मी वाढले, म्हणून वाटलं होतं सोपं जाईल. निबंध द्यायला नऊ दिवस राहिले आणि माझ्याकडे एकही पुस्तक नव्हतं. तेव्हा त्या टेबलापाशी गेले.

बाई पन्नाशीच्या असतील. मी म्हणाले, गुळावरची पुस्तकं पाहिजेत. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट प्रश्न विचारला. गूळ तयार करण्याबद्दल हवंय की विकण्याबद्दल? मग दुसरा, कुठल्या देशातला? मग तिसरा, आत्ताचं हवंय की जुनं चालेल? मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं झालं. तळहात ओले झालेले आजही आठवतात. ग्रंथपालाच्या कामातली ही रीतच आहे, येणाऱ्याचा पहिला प्रश्न सहसा त्याचा खरा प्रश्न नसतो, म्हणून परत विचारून विचारून तो मोकळा करायचा, हे मला तेव्हा कोण सांगणार. मी कशीबशी म्हणाले, आमच्याकडे ऊस होतो. त्यावर त्यांचा चेहरा उजळला. संगणकाचा पडदा त्यांनी माझ्याकडे फिरवला, कानामागची बुटकी पेन्सिल काढली आणि कागदाच्या कपट्यावर आकडा लिहिला, ६३३.६१. मला वाटलं आता या आत जातील आणि पुस्तक आणून देतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, चल.

दुसऱ्या मजल्यावर, कपाटांच्या रांगेत, त्यांनी मला तो आकडा एक एक घर करत वाचायला लावला. ६०० म्हणजे माणसाने कामाला लावलेलं ज्ञान. ६३० शेती. ६३३ शेतातली पिकं. ६३३.६ साखर आणि स्टार्च देणारी पिकं. ६३३.६१ ऊस. जिल्हा, तालुका, गाव, गल्ली, घर, असा पत्ता. माझी चूक कुठे झाली असती तेही त्यांनी आधीच सांगितलं. ६३३.७ च्या आधी ६३३.६१ येतं. एकसष्ट सातापेक्षा मोठे म्हणून पुढे जाऊन शोधत बसू नकोस, हे दशांश आहेत. मेलव्हिल ड्यूई यांनी १८७६ साली काढलेली ही पद्धत. आमच्या कॉलेजातल्या पुस्तकांच्या पाठींवरही हेच आकडे चिकटवलेले होते. पाच वर्षं मी ते बघत होते, पण आतापर्यंत ते शिपायाच्या सोयीचे आकडे आहेत असंच मी समजत होते.

ऊस तिथे कपाटाच्या खालून दुसऱ्या फळीवर होता, मांडी घालून बसावं लागलं. सात-आठ पुस्तकं. आणि त्यांना लागूनच, ६३३.६३ वर, साखरेचं बीट. इंग्लंडच्या शेतात होतं ते. आमचा ऊस आणि त्यांचं बीट एका फळीवर खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला त्या इमारतीत आपलं कुणीतरी राहतं असं वाटलं. गूळ मात्र तिथे नव्हता. गूळ ६६४.१ वर, खाद्यपदार्थ तयार करण्याच्या विद्येत, वेगळ्या दालनात. आणि त्याचा बाजार तिसरीकडेच, अर्थशास्त्रात, ३३८ मध्ये. आपल्याकडे बांधावर गुऱ्हाळ, पलीकडे ऊस, आणि संध्याकाळी तोच गूळ अडतीत. एका माणसाचा एक दिवस. त्या दिवसाची तीन दालनं झाली होती, आणि माझा निबंध त्या तिन्हींमध्ये पायी फिरून जमवायचा होता. तसा तो मी जमवला.

त्याच बाईंनी मला पुढे तळघरातल्या साठ्यातून पुस्तक मागवायला शिकवलं. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर केलेली पाहणी, १९१७ साली छापलेली. आज जिथे टोलेजंग सोसायट्या आहेत त्या गावातली एकेका कुटुंबाची जमीन, कर्ज, खाणारी तोंडं, सगळं त्यात मांडलेलं. ते मी पुण्यात नव्हे, तिथल्या पावसात वाचलं.

निबंध मात्र परत आला. मजकूर तपासणाऱ्या प्रणालीने त्याची पानंच्या पानं रंगवली होती. मी पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी घेतली होती, कारण शाळेपासून तेच चांगलं उत्तर असतं असं आम्हाला शिकवलेलं. पुस्तकातलं वाक्य बदलायचं म्हणजे आगाऊपणा. मला बोलावून घेतलं गेलं, चोरी हा शब्द उच्चारला गेला, आणि त्या रात्री मी आईला फोन केला नाही. आज मला वाटतं, हे शिकवणं कुणाला अवघड नव्हतं. आपल्याकडे कीर्तनकार अभंग म्हणताना तो तुकोबांचा की नामदेवांचा हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं, आणि दुसऱ्याची रचना आपली म्हणून गाणं हे पापच मानलं जातं. ज्याचं त्याच्या नावावर ठेवायचं, हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. तो परीक्षेच्या पेपरालाही लागू आहे, एवढंच कुणी सांगितलेलं नव्हतं.

भाच्याला मी रंगनाथनांची गोष्ट सांगितली. मला ती फार जवळची वाटते. शियाळी रामामृत रंगनाथन गणित शिकवत होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या कामात त्यांचं मन रमेना, परत वर्गावर जायची इच्छा होती. त्याच वर्षी त्यांना लंडनला धाडलं. तिथे ते विद्यार्थी झाले, ग्रंथालयं बघत हिंडले, शंभराहून जास्त. एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की खेळणं बदलतं. पुस्तकांचे विषयही असेच सुटे भाग जोडून मांडता येतील, हे त्यांना त्यातून सुचलं, आणि त्यातून त्यांची द्विबिंदू (कोलन) वर्गीकरण पद्धत उभी राहिली, १९३३ साली छापून आली. माझ्या गुळाची तीन दालनं झाली होती ना, तोच प्रश्न त्यांनी पंचाहत्तर वर्षं आधी हातात घेतला होता. ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सांगतं की वाचकाचा वेळ वाचवा. परदेशात ग्रंथालय वापरायला शिकलेला तो आपला विद्यार्थी.

भाचा ऐकत होता, पण त्याचा डोळा घड्याळावर होता. म्हणून शनिवारी त्याला मी शिकवते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात घेऊन गेले. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी आतलं दार उघडून दिलं. मी त्याला एवढंच सांगितलं, माती ६३१.४ वर आहे, शोध. तो सहाशेच्या रांगेत शिरला, ६३१.५८ पाशी जाऊन थांबला, म्हणाला, "पुढं गेलो वाटतंय." परत आला. हात लावू की नको असं करत एक पुस्तक बाहेर काढलं, मग शेजारचं. मग खाली बसला. अर्धा तास तो उठला नाही, आणि मी त्याला हाक मारली नाही. शेजारचं पुस्तक हातात येणं ही गोष्ट मोबाइलवर होत नाही, त्यासाठी कपाटापुढे बसावंच लागतं.

संगणकावर शोधताना त्याने अख्खं वाक्य टाइप केलं, शिरोळ तालुक्यातल्या जमिनीतले क्षार कमी कसे करायचे. उत्तर शून्य. मग वाक्य मोडून शब्द काढायला शिकवलं. क्षार एक शब्द, निचरा एक शब्द. दोन्ही हवेत तर मध्ये ‘अँड’, यापैकी काहीही चालेल तर ‘ऑर’. शब्दाचा अर्धा भाग लिहून पुढे तारा (*) टाकला की त्याची सगळी रूपं येतात. हे त्याने इंजिनिअरसारखं चटकन उचललं. त्याला दुसरीही एक गोष्ट दाखवली. २०२५ च्या जानेवारीपासून ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ योजनेत सहा हजारांहून अधिक सरकारी शिक्षणसंस्थांना जवळपास तेरा हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. माझ्या वेळी ज्यासाठी विमानात बसावं लागलं त्यातलं पुष्कळसं आता इथेही वाचता येतं. आपल्या पोरांना ते उघडता यावं म्हणून कुणीतरी शेजारी बसून अर्धा तास द्यायला हवा, आणि तो अर्धा तास कुठल्याच वेळापत्रकात नाही. मी आमच्या कॉलेजात तो मागते आहे. मिळेपर्यंत मागत राहणार आहे.

जाताना त्याला एकच गोष्ट बजावली. पहिल्या आठवड्यात टेबलापाशी जायचं. काही अडलं नसलं तरी जायचं.

"आणि काय इचारू?"

"आमच्याकडे ऊस होतो, म्हणून सांग."

दिवाळीत मी मामीकडे शिरोळला गेले होते. मामी म्हणजे त्याची आजी, सत्याहत्तर वर्षांची. पाडव्याच्या दुपारी त्याचा फोन आला. तिकडची सकाळ. फराळ पोचला, कुकरची शिट्टी हरवली, थंडी आहे, हे झाल्यावर मला म्हणाला, "आत्या, आजीला दे. काम आहे."

काम असं होतं. त्याला क्षारपड जमिनीवरचे लेख ढिगाने मिळाले, ऑस्ट्रेलियातले, इजिप्तमधले, उझबेकिस्तानातले. आपल्या बाजूचं जुनं काही हाती लागत नव्हतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी त्याला विचारलं, तुमच्याकडचे शेतकरी या जमिनीला काय म्हणतात? ब्रिटिश काळातल्या अहवालांत स्थानिक शब्द इंग्रजी लिपीत तसाच्या तसा छापलेला असतो. उत्तर हिंदुस्थानासाठी उसर आणि रेह, पंजाबासाठी कल्लर, असे शब्द त्याला सापडलेही होते. दख्खनचा शब्द त्याला येत नव्हता. सिव्हिलला तो कुणी शिकवला नव्हता, घरात सगळे क्षारपडच म्हणतात, आणि बाईंना तर तो माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तो म्हणाला होता, घरी विचारून सांगतो.

मी फोन स्पीकरवर टाकून मामीच्या पुढे धरला. तिने चकलीचा हात पदराला पुसला.

"आजी, आपलं ते रान खराब झालंय न्हवं, तसल्या जमिनीला पूर्वी काय म्हणायचे?"

मामीने लगेच सांगितलं नाही. ओसरीवरून ती रानाच्या दिशेला बघत राहिली.

"कुठली रं? वर पांढरं फुटतंय ती, का पाणी वरच तुंबून ऱ्हातंय ती चोपण? दोन्ही येगळ्या हाईत."

तिकडून काही क्षण आवाज आला नाही. मग कागद ओढल्याचा आवाज आला.

"थांब आजी, लिहून घेतो. परत एकदा सांग."